कुर्दी आणि स्वीडिश: तुलना नेमकी कशाची करायची?

मेघना_उप्साला (धागाकर्ती)

स्वीडिश आणि कुर्दी या दोन्ही भारोपीय कुळातल्या भाषा. स्वीडिश जर्मानिक शाखेतली, कुर्दी इराणी शाखेतली. या दोघींना शेजारी ठेवून तुलना करायची तर कशाची करावी? शब्दांची, व्याकरणाची, की त्या भाषांच्या वाट्याला जे आलं त्याची?

हे डोक्यात यायचं कारण असं की इथे स्वीडनमध्ये स्थलांतरितांच्या स्वीडिशच्या वर्गात माझ्या बाकावर तुर्कस्तानातल्या दियारबकिरची एक कुर्द बाई बसते. आम्ही दोघी मधल्या सुट्टीत एकमेकींच्या वह्या बघतो. तिच्या भाषेत 'तुझं नाव काय?' हे 'नावे तॅ चि ये?' असं होतं. नाव म्हणजे 'नाव'च! स्वीडिशमध्ये 'नाम्न'. तू हा कुर्दीत 'तु', स्वीडिशमध्ये 'दू'. नवा म्हणजे 'नू', स्वीडिशमध्ये 'न्यू'. आणि 'माझा' याला तर दोन्हीकडे चक्क 'मिन' म्हणतात.

हे सापडलं की मजा वाटते, पण मला वाटतं शब्दांच्या याद्यांवर थांबलो तर खरी गोष्ट हातातून निसटते. स्वीडिश बोलणारे साधारण एक कोटी. कुर्दी बोलणाऱ्यांचे अंदाज दोन कोटींपासून चार कोटींपर्यंत जातात. एका भाषेला राजा तिसऱ्या गुस्तावने १७८६ साली स्वतंत्र अकादमी काढून दिली. दुसरीवर तुर्कस्तानात छापण्याचीच बंदी होती. तुम्हाला काय वाटतं? जाणकारांनी लिहावं, अनुभव असलेल्यांनी तर नक्कीच.

झुळूक

वाचतेय. मेघनाताई, 'मिन' दोन्हीकडे 'माझा'? योगायोग की खरं नातं?

पंतोजी_वाईकर

झुळूक, हे नातं खरं आहे. प्रथमपुरुषी सर्वनामाची म-ची रूपं आपल्या सगळ्या कुळात पसरलेली आहेत. संस्कृत 'मम', जुन्या इराणीतलं 'मन', त्यातून कुर्दी 'मिन'. जर्मानिक बाजूने स्वीडिश 'मिन'. आपलं 'माझा' याच घरातलं, फक्त प्राकृतातून येताना त्याने बरीच वळणं घेतली.

अंकही बघा. कुर्मांजीत (ही कुर्दीची उत्तरेकडची बोली) दू, से, चार, पेंज, हॅश्त, नॅह, दॅह. स्वीडिशमध्ये त्वो, त्रे, फीरा, फेम, ओत्ता, नीऊ, तीऊ. मराठी माणसाला कुर्दी अंक पहिल्या फेरीतच ओळखू येतात, स्वीडिश थोडे निरखून बघावे लागतात. हे अपेक्षितच आहे, कारण भारतीय आणि इराणी या शाखा एकमेकींना बऱ्याच जवळच्या आणि जर्मानिक शाखा त्यांच्यापासून फार आधी वेगळी झालेली.

पण सगळंच सारखं दिसणारं सारखं नसतं. स्वीडिश 'ब्रा' म्हणजे छान, ठीक. कुर्मांजी 'बिरा' म्हणजे भाऊ. यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. 'बिरा'चा खरा जोडीदार स्वीडिश 'ब्रूर', आपला भ्राता.

सांगलीकर_दादा

म्हणजे कुर्द माणसाने स्वीडनमध्ये 'हा माझा बिरा' म्हणून ओळख करून दिली की समोरचा 'वा, छान' म्हणून हात मिळवणार. गैरसमज झाला तरी भांडण नाही. असे शब्द पाहिजेत!

निखिल_गोतेबोर्ग

मेघनाताई, चांगला धागा. माझ्या टीममध्ये इराकमधल्या सुलेमानियाचा एक कुर्द आहे. त्याची कुर्दी म्हणजे सोरानी (कुर्दीची दुसरी मोठी बोली), तुमच्या मैत्रिणीची कुर्मांजी. तो एकदा म्हणाला की स्वीडिशमधली एक गोष्ट त्याला कुणी शिकवावीच लागली नाही. इंग्रजीत 'द' हा शब्द आधी येतो. स्वीडिशमध्ये तो शेपटीला चिकटतो: बूक म्हणजे पुस्तक, बूकेन म्हणजे ते (ठरावीक) पुस्तक. हूस म्हणजे घर, हूसेत म्हणजे ते घर. सोरानीत अगदी हेच: कितेब, कितेबॅकॅ. पियाव म्हणजे पुरुष, पियावॅकॅ म्हणजे तो पुरुष. आम्हा मराठी मंडळींना हे आधी समजून घ्यावं लागतं आणि मग सवय लावून घ्यावी लागते, कारण आपल्याकडे 'पुस्तक दे' म्हटलं की कुठलं ते ऐकणाऱ्याने ओळखायचं असतं.

उलट शब्दक्रमात तो आणि मी एकाच जागी अडतो. स्वीडिशमध्ये वाक्याच्या सुरुवातीला काहीही येऊ दे, क्रियापद दुसऱ्या जागी हवंच. 'आज मी सफरचंद खातो' हे 'इदाग एतेर याग एप्ले' असं होतं, म्हणजे 'आज खातो मी सफरचंद'. कुर्दीत आणि मराठीत क्रियापद शेवटी बसतं. घाईत बोलताना आमच्या दोघांचंही क्रियापद मागेच राहतं.

पंतोजी_वाईकर

निखिल, उत्तम उदाहरण दिलंत. यात एक जोड देतो: शेपटीला चिकटणारं हे निश्चितपण दोन्ही भाषांनी आपापलं, स्वतंत्रपणे घडवलं आहे. ते कुळातून आलेलं नाही. तेव्हा 'मिन' हे नातं आणि 'बूकेन-कितेबॅकॅ' हे साम्य, असे दोन वेगळे कप्पे ठेवा. आणि कुर्मांजीत हा प्रत्यय नाही. तिथे उलट अनिश्चिततेचा प्रत्यय आहे: कितेबॅक म्हणजे एक (कुठलंसं) पुस्तक.

अनुस्वार

मी पुण्यात फारसी शिकले आहे, त्यामुळे थोडं या बाजूने. मराठी माणसाने कुर्दी ऐकली की 'अरे, हे तर आपलंच' असं वाटणारे निम्मे शब्द नात्यामुळे ओळखीचे नसतात, उसनवारीमुळे असतात. रोज, बाजार, दोस्त, आझाद, शहर हे आपल्याकडे बहामनी आणि आदिलशाही काळात फारसीतून आले. कुर्दी फारसीची बहीण, म्हणून तिथेही ते शब्द किंवा त्यांची भावंडं आहेत. नाव, तू, नवा, पाच यांची गोष्ट वेगळी, ते दोघींकडे मुळापासून आहेत. तुलना करताना हे गाळून घ्यायलाच हवं, नाहीतर कुर्दी आपल्याला आहे त्याच्या दुप्पट जवळची वाटेल आणि स्वीडिशवर अन्याय होईल.

त्यातला माझा आवडता शब्द: कुर्मांजीत लेखकाला 'निवीस्कार' म्हणतात, 'निवीस' म्हणजे लिखाण. आपले फडणीस, चिटणीस, पारसनीस यांच्यातला 'नीस' तो हाच, फारसी 'नवीस'. दियारबकिरचा लेखक आणि पुण्याचे चिटणीस एकाच धंद्यातले.

आता व्याकरण, कारण माझ्या मते खरा खजिना तिथे आहे. कुर्मांजीत 'मी सफरचंद खाते' हे 'अ‍ॅझ सेवे दिख्विम'. 'मी सफरचंद खाल्लं' हे 'मिन सेव ख्वार'. दोन गोष्टी घडल्या. 'अ‍ॅझ'चं 'मिन' झालं, आणि क्रियापद खाणाऱ्याला सोडून खाल्लेल्या वस्तूच्या मागे गेलं. अनेक सफरचंदं खाल्ली तर 'मिन सेव ख्वारिन'. आता मराठी बघा: तो आंबा खातो, पण त्याने आंबा खाल्ला, त्याने भाकरी खाल्ली, त्याने आंबे खाल्ले. भूतकाळात क्रियापद कर्माच्या तालावर नाचतं. स्वीडिश माणसाला हे समजवायला तासभर लागतो. त्याच्या भाषेत कोणीही, काहीही, कितीही खाल्लं तरी 'ओत'.

सांगलीकर_दादा

'सेव ख्वार' वाचून भूक लागली. आमच्याकडे शेव म्हटलं की पुढे भेळ आलीच पाहिजे.

टिंबटिंब

+१, दोन्हीला. अनुस्वारचा प्रतिसाद मात्र वाचनखूण करून ठेवला.

पंतोजी_वाईकर

अनुस्वारबाईंनी मर्मावर बोट ठेवलं. या मांडणीला व्याकरणात कर्तृसाधक रचना म्हणतात आणि ती आपल्याकडेही मुख्यतः पूर्ण झालेल्या क्रियेत येते, कुर्मांजीतही भूतकाळातच.

कुर्मांजी आपल्याहून एक पाऊल पुढे जाते. 'मी तुला पाहिलं' म्हणताना आपण 'तुला' करून क्रियापदाला मोकळं सोडतो, ते नपुंसकलिंगी 'पाहिलं' होऊन गप्प बसतं. कुर्मांजीत 'मिन तु दीती'. 'दीती'मधला शेवटचा 'ई' हा 'तू'शी जुळलेला आहे.

आणि सोरानी? तिने लिंग टाकून दिलं, विभक्तीही बहुतेक टाकली, पण भूतकाळातला हा वेगळेपणा दुसऱ्या वाटेने जपला. 'मी भाकरी खाल्ली' हे 'नानिम ख्वार्द', 'तू भाकरी खाल्लीस' हे 'नानित ख्वार्द'. खाणाऱ्याची खूण भाकरीला जाऊन चिकटली! आपल्या 'खाल्लीस'मधला 'स' आठवा. तोही खाणाऱ्याचीच खूण आहे, फक्त आपण ती क्रियापदाला लावतो. मी आयुष्यभर मुलांना मराठी व्याकरण शिकवलं, पण हा 'स' किती विलक्षण आहे ते सोरानीचं हे वाक्य पाहिल्यावर जास्त जाणवलं.

रानवारा

सगळं रंजक आहे, पण मूळ तुलनाच मला ओढूनताणून आणलेली वाटते. एकाच कुळातल्या कुठल्याही दोन भाषा घेतल्या तर चार शब्द सापडणारच. आल्बेनियन आणि बंगाली घ्या, तिथेही सापडतील. आणि मेघनाताई, धाग्यात तुम्ही कुर्दी म्हणजे बंदी आणि स्वीडिश म्हणजे अकादमी असं जे उभं केलंय, ते अर्धंच चित्र आहे. इराकच्या २००५ च्या राज्यघटनेत अरबीबरोबर कुर्दीही अधिकृत भाषा आहे. सुलेमानियाचं विद्यापीठ १९६८ पासूनचं. तिथल्या मुलांचं शिक्षण कुर्दीतून होतं. सोरानीला बिचारी म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

मेघना_उप्साला

रानवारा, इराकबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे आणि ते इथे यायलाच हवं होतं. माझा रोख कुर्मांजीवर होता, कारण ती बोलणारे कुर्दांमध्ये सर्वात जास्त आणि त्यांतले बहुतेक तुर्कस्तानात.

पण 'ओढूनताणून' हे मला मान्य नाही. आल्बेनियन आणि बंगाली एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. कुर्मांजी आणि स्वीडिश भेटल्या आहेत, आणि नुसत्या रस्त्यात नव्हे. १२ सप्टेंबर १९८० ला तुर्कस्तानात लष्कराने सत्ता घेतली. १९८३ साली कायदा क्रमांक २९३२ आला आणि कुर्दीत छापणं, प्रसारण करणं गुन्हा झाला. तो १९९१ मध्ये रद्द झाला. मधल्या त्या वर्षांत कुर्मांजीतले कितीतरी लेखक स्वीडनमध्ये होते. त्यांनी तिथे लिहिलं, तिथे छापलं. इथे स्थलांतरितांच्या भाषांतल्या प्रकाशनांना सरकारी अनुदान मिळे. मेहमेद उझून १९७७ मध्ये स्वीडनला आला आणि त्याची पहिली कुर्मांजी कादंबरी १९८५ साली निघाली. तिचं नाव 'तु', म्हणजे आपलं 'तू'. फिरात जेवेरी यांचं 'नूदॅम' हे साहित्यिक नियतकालिक १९९२ ते २००१ इथूनच निघत होतं. १९९७ मध्ये स्टॉकहोमला कुर्दी ग्रंथालय सुरू झालं. आधुनिक कुर्मांजी गद्याचा एक मोठा तुकडा स्वीडनमध्ये लिहिला गेलाय. म्हणून मला या दोन भाषा शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

झुळूक

हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला. आपली भाषा लिहायला हजारो किलोमीटर लांब जावं लागणं...

शणै_मडगाव

गोंयचा माणूस म्हणून लिपीबद्दल लिहितो. कुर्मांजीची रोमन लिपी जेलादॅत अली बॅदिरखान यांनी दमास्कसमधून निघणाऱ्या 'हावार' मासिकात १९३२ साली मांडली. एकतीस अक्षरं. सोरानी अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, पण अरबीत स्वर गाळतात तसं करत नाहीत, जवळजवळ सगळे स्वर लिहितात. सोव्हिएत आर्मेनियातले कुर्द पुढे सिरिलिक लिहू लागले. एक भाषा, तीन लिप्या. कोंकणीवाल्यांना हे सांगायची गरज नाही. आमच्याकडे देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम, सगळं चालतं आणि एका घरातली आजी आणि नात एकमेकींची चिठ्ठी वाचू शकत नाहीत असंही होतं.

आता डब्ल्यू या एका अक्षराची गोष्ट ऐका. तुर्कस्तानच्या १९२८ च्या लिपी-कायद्यातल्या वर्णमालेत क्यू, डब्ल्यू, एक्स नव्हते. कुर्दीला तिन्ही लागतात. नवरोजच्या शुभेच्छापत्रात डब्ल्यू वापरला म्हणून खटले भरले गेले, मुलांची तसली नावं नोंदवून घ्यायला नकार दिला गेला. ही अडवणूक २०१३ मध्ये उठली. आणि स्वीडिशमध्ये? तिथे डब्ल्यू म्हणजे नुसता व्ही-चा एक प्रकार मानत. २००६ साली अकादमीच्या शब्दसूचीत त्याला स्वतंत्र अक्षराचा मान मिळाला. एकीकडे कोशकारांची बैठक, दुसरीकडे कोर्टाची तारीख.

रानवारा

शणैबाब, ही जोडी जबरदस्त. पण कोंकणीचं काढलंत तर विचारतोच: कुर्मांजी आणि सोरानी या बोली की भाषा? आणि झाझाकी (तुर्कस्तानातल्या काही कुर्दांची भाषा)? तिथे तर भाषिक तज्ज्ञांचं आणि बोलणाऱ्यांचंही एकमत नाही.

कोकणकडा

कोंकणी ही मराठीची...

टिंबटिंब

झालं सुरू. कोकणकडा, वाक्य पूर्ण करू नका, हात जोडतो.

शणै_मडगाव

पूर्ण केलं तरी चालेल, उत्तर १९८७ च्या राजभाषा कायद्यात आणि १९९२ च्या आठव्या अनुसूचीत आहे. :)

मेघना_उप्साला

तो विषय वेगळ्या धाग्यावर न्या, प्लीज. इथे परत येऊ या.

रानवारांच्या प्रश्नाला स्वीडिशकडून उत्तर मिळतं. इथे माझी शेजारीण नॉर्वेची आहे. ती नॉर्वेजियन बोलते, समोरचे स्वीडिशमध्ये उत्तर देतात आणि गप्पा बिनबोभाट चालतात. तरी त्या दोन भाषा, कारण देश दोन. कुर्मांजीत लिंग आहे, विभक्ती आहे, लिपी रोमन. सोरानीत लिंग नाही, लिपी वेगळी, सर्वनामं वेगळ्या तऱ्हेने चालतात. वर्गातली माझी मैत्रीण निखिलच्या सुलेमानियाच्या सहकाऱ्याशी बोलायला लागली तर दोघं बहुधा थोड्या वेळाने स्वीडिशवर येतील. तरी दोघं म्हणणार, आमची भाषा कुर्दी. त्यांना ती एक हवी आहे. मला हे म्हणणं व्याकरणाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

निखिल_गोतेबोर्ग

अगदी असंच झालंय. आमच्या ऑफिसात कॅन्टीनला दोन कुर्द भेटले, एक तुर्कस्तानातल्या मार्दिनकडचा, एक सुलेमानियाचा. पाच मिनिटं कुर्दी, मग हसले आणि स्वीडिश. नंतर मला दोघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं की तो फार छान कुर्दी बोलतो.

सरकारी व्यवहारातही हे दिसतं. 'लेक्सिन' म्हणून स्थलांतरितांसाठीचा इथला ऑनलाइन शब्दकोश आहे. त्यात भाषांच्या यादीत कुर्दी दोनदा येते, उत्तर कुर्दी आणि दक्षिण कुर्दी, म्हणजे कुर्मांजी आणि सोरानी.

आणि शाळेत मातृभाषेचा तास मिळतो. १९७७ पासूनची ही पद्धत. घरात ती भाषा रोज बोलली जात असली पाहिजे, मुलाला ती थोडीफार यायला हवी. किमान पाच मुलं आणि शिकवू शकेल असा शिक्षक मिळाला की नगरपालिकेने तो वर्ग द्यायचा. नियम मराठीलाही लागू आहे. आम्ही इथे पाच मुलं जमवली, पण शिक्षक मिळेना. माझ्या मुलीच्या वर्गातली कुर्द मैत्रीण दर आठवड्याला कुर्मांजीच्या तासाला जाते आणि माझी मुलगी मला विचारते की आपला तास कधी. नगरपालिकेला मी पुन्हा पत्र लिहिलंय. इथे कुणी गोतेबोर्गचं असेल आणि शिकवायची तयारी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी अगदी मनापासून विचारतोय.

अनुस्वार

निखिल, माझी एक मावसबहीण तिथे आहे, शिक्षिका होती. व्यनि केलाय.

रानवारा

स्वीडनचं इतकं कौतुक चाललंय म्हणून दुसरी बाजू. याच देशाने उत्तरेकडे तोर्नेदालेनमध्ये मेएनकिएली (फिनिशच्या जवळची भाषा) बोलणाऱ्या मुलांना शाळेत त्यांची भाषा बोलू दिली नाही. कित्येक पिढ्यांनी शिक्षा खाल्ल्या. सामी (उत्तरेकडचे मूलनिवासी) मुलांच्या वाट्याला वेगळ्या शाळा आल्या. तोर्नेदालेनच्या लोकांवर झालेल्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल २०२३ मध्ये आला, म्हणजे परवा-परवा. दालार्ना प्रांतात एल्व्हदालेनची बोली आहे, स्टॉकहोमच्या माणसाला ती कळत नाही, तरी सरकार तिला स्वीडिशची बोलीच धरतं. कुर्दीला जागा देणं सोपं होतं, कारण कुर्दी स्वीडनची जमीन मागत नव्हती. स्वतःच्या अंगणातल्या भाषांना जागा द्यायला याच राज्याला किती वेळ लागला ते बघा.

पंतोजी_वाईकर

रानवारा, तुमचा हा प्रतिसाद धाग्यातला सर्वात वजनदार. मी त्यात इतकंच घालेन की २००० सालापासून फिनिश, मेएनकिएली, सामी, रोमानी आणि यिद्दिश या पाच भाषांना राष्ट्रीय अल्पसंख्याक भाषांचा दर्जा आहे. कुर्दी त्यात नाही. बोलणारे कितीही असले तरी ती अलीकडे आलेल्यांची भाषा मानली जाते. २००९ च्या भाषा कायद्याने स्वीडिश ही देशाची मुख्य भाषा ठरली, पण त्याच कायद्यात इतर मातृभाषा असलेल्यांना आपली भाषा वाढवायची आणि वापरायची संधी मिळावी असंही लिहिलंय. कायद्यात ते वाक्य असणं आणि पाच मुलांना शिक्षक न मिळणं, दोन्ही एकाच देशातलं वास्तव. निखिलने त्यातलं दुसरं सांगितलंच.

झुळूक

मला एक वेगळं विचारायचंय. स्वीडिशमध्ये सगळ्यांना 'दू' म्हणतात हे खरं का? अगदी डॉक्टरलाही? कुर्दीत कसं?

मेघना_उप्साला

खरं आहे. साठच्या दशकाच्या शेवटी ते पसरलं. ब्रूर रेक्सेद नावाच्या आरोग्य खात्याच्या प्रमुखाने १९६७ मध्ये नोकरीच्या सुरुवातीलाच जाहीर केलं की मी सर्वांना 'दू' म्हणणार, तुम्हीही मला म्हणा. त्याआधी स्वीडिश लोक समोरच्याला त्याच्या हुद्द्याने, तृतीयपुरुषात बोलवत. 'डॉक्टर काय घेणार?' हे डॉक्टरलाच विचारायचं. आपल्याकडे दुकानदार 'ताई काय बघणार?' असं ताईलाच विचारतो ना, तसं.

कुर्मांजीत एकाला 'तु', अनेकांना किंवा आदराने 'हून'. माझी मैत्रीण आमच्या शिक्षिकेला 'दू' म्हणताना अजून जरा थांबते. मीही थांबते. आमच्या वयाच्या दुप्पट बाईला 'तू' म्हणायला जीभ वळत नाही. आमच्या वर्गातली सोमाली मुलं मात्र धडाधड म्हणतात.

झुळूक

आणि नाती? तिथे कुर्दी आपल्या जवळची असेल ना?

मेघना_उप्साला

इथेच गंमत आहे. इंग्रजीने सगळ्यांना एकाच 'अंकल'मध्ये कोंबलं. स्वीडिशने नाही कोंबलं. फारब्रूर म्हणजे बापाचा भाऊ, काका. मूरब्रूर म्हणजे आईचा भाऊ, मामा. फास्तेर आत्या, मुस्तेर मावशी. आजीसुद्धा दोन: फारमूर बापाची आई, मूरमूर आईची आई. हे आपल्यालाही एका शब्दात जमत नाही.

कुर्मांजीतही चौघे वेगळे: माम, खाल, मॅत, खालती. पण सावध राहा, 'माम' म्हणजे काका! मामा तो 'खाल'. चुलत बहीण म्हणजे 'दोतमाम', मामची दुहिता. स्वीडिश मुलगी 'दोत्तेर', तोच शब्द.

सांगलीकर_दादा

माम म्हणजे काका! आमच्या घरी आलेल्या कुर्द पाहुण्याला मुलं 'मामा' म्हणाली तर तो बापाच्या बाजूने जेवायला बसणार.

रानवारा

मेघनाताई, मूळ प्रश्नाकडे या. तुलना कशाची करायची, ठरलं का?

मेघना_उप्साला

माझं ठरलंय. शब्द बघायचे तर गाळून बघायचे, अनुस्वारने सांगितलं तसे. व्याकरण बघायचं तर कुर्मांजी आणि मराठी एकमेकींच्या जास्त जवळ, आणि स्वीडिश या दोघींहून दूर निघून गेलेली. तिने क्रियापदाचे पुरुषसुद्धा टाकून दिले. 'याग एतेर, दू एतेर, वी एतेर', सगळीकडे तेच. १९४० च्या दशकापर्यंत वर्तमानपत्रांत निदान अनेकवचनाचं वेगळं रूप छापत, तेही गेलं. कुर्मांजीत दिख्विम, दिख्वी, दिख्वॅ, दिख्विन असं चालूच आहे.

पण मला सर्वात जास्त तुलना करावीशी वाटते ती एका भाषेला किती वेळ मिळतो याची. स्वीडिश अकादमीच्या मोठ्या कोशाचा पहिला खंड १८९८ मध्ये आला, शेवटचा २०२३ मध्ये. सव्वाशे वर्षं लोक निवांतपणे शब्द गोळा करत बसले, सरकारं आली-गेली, काम थांबलं नाही. कुर्मांजीला असा सलग वेळ कधी मिळालाच नाही. दमास्कसमध्ये थोडा, आर्मेनियातल्या येरेवानमध्ये थोडा, स्टॉकहोममध्ये थोडा. भाषेत काही कमी होतं म्हणून नव्हे. ज्या भाषेत भूतकाळाचं एवढं नाजूक व्याकरण आहे तिला कोश झेपला नसता का? तिला वेळ आणि छप्पर दिलं गेलं नाही. म्हणून रानवारा, अकादमी आणि बंदी हे चित्र अर्धं असलं तरी ते अर्धं मी सोडणार नाही.

रानवारा

सोडू नका. इराकचं अर्धं मी धरून ठेवतो.

टिंबटिंब

मला यातलं काहीही येत नाही, पण सुरुवात करायची आहे. कुर्मांजी की सोरानी?

अनुस्वार

रोमन लिपी सोपी वाटत असेल आणि 'मी भाकरी खाल्ली'चा आनंद घ्यायचा असेल तर कुर्मांजी. उर्दू-फारसी लिपी वाचता येत असेल तर सोरानी, तिथे लिंग पाठ करायचा त्रासही नाही. एक सूचना कुर्मांजीसाठी: प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांच्यासारखा फरक ती बोलताना करते, पण हावार लिपीत तो दिसत नाही. एकच अक्षर दोन्हींना वापरतात. इंग्रजी किंवा तुर्की माणसाला तो फरक ऐकायलाही येत नाही. तुम्हाला येईल. तेव्हा पुस्तकावर विसंबू नका, बोलणाऱ्या माणसाकडून ऐका आणि स्वतःच्या वहीत देवनागरीत लिहून घ्या.

टिंबटिंब

देवनागरीत कुर्दी! उद्यापासून वही सुरू. मेघनाताई, तुमच्या मैत्रिणीला विचारून पहिले दहा शब्द इथे टाकाल का?

मेघना_उप्साला

विचारते. ती म्हणाली तर तिच्या आवाजात ध्वनिमुद्रण करून टाकते, म्हणजे अनुस्वार म्हणतेय तो फरक कानाला कळेल. मंगळवारी वर्ग आहे.